दुपारी बैल सोडणारे मास्तर

गणितातली माणसं खरी असतात असं मानणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला, आणि पोरगी शिकायला त्याच्याच हवाली केली. आमच्या गल्लीतले हे गणिताचे मास्तर. क्रमिक पुस्तकातल्या उदाहरणांना हात लावायचे नाहीत. जुन्या पोथ्यांतून राजेरजवाड्यांच्या काळातली गणितं हुडकायची आणि वर्गात सांगायची, हा त्यांचा नाद. सांगणंही असं, की कोकणातून मीठ घेऊन घाट चढणारा वंजारी फळ्यासमोर घाम पुसत उभा राहावा. तो रोज चार कोस चालतो, एवढंच पोथीत. मास्तर विचारणार, "आणि दुपारी बैल कोण सोडणार? तुझा बा?" मग अख्खा वर्ग बैल सोडायचा, त्यांना पाणी दाखवायचा, आणि तास उरलाच तर भागाकार. सावकार मरून त्याची इस्टेट मुलांत वाटायची असली, तर आधी त्याच्या बायकोची चौकशी. एकदा रस्त्यात नमस्कार केला तर म्हणाले, "थांबा शेठ, विहीर खणणाऱ्यांतला एकजण तापानं पडलाय." मी डॉक्टर आणायला निघालो होतो!

मी भंगार घेऊन-विकून वर आलो. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांशी पैशापैशावरून भांडलो, पण शाळा म्हणावी तशी पाहिली नाही. माझी पोरगी शालन मॅट्रिक व्हावी, पुढं मास्तरीण व्हावी, एवढीच माझी हाव. म्हणून मास्तरांशी सौदा ठरवला, "आधी परीक्षेचं शिकवा, मग तुमचे बैल." "व्हय, व्हय," म्हणाले. आणि पोरगी गणितात नापास! निकालानंतर तिनं सांगितलं. पेपरात कालवा खणणाऱ्यांना तिनं भाकरीची सुट्टी दिली होती, बैलगाडी दुपारी झाडाखाली सोडली होती, आणि वाटणीत कुणी न विचारलेला विधवेचा हिस्सा काढला होता.

मी अनवाणीच मास्तरांच्या दारात गेलो. गल्ली गोळा झाली. "पोरीचं वाटोळं केलंसा की!"

मास्तर उंबऱ्यावर बसले. "शेठ, तिनं बरोबरच केलं हो. पर मार्क कोण देणार?"

"ते मला इचारताय?"

"ऑक्टोबरला बसवा. एका बैलाचं नाव काढणार न्हाय."

शब्द पाळला त्यांनी. नुसते अ, ब आणि क. शिकवताना आवाज असा, की कुणी गेल्याची वर्दी द्यावी. शालन मुकाट्यानं उतरून घ्यायची. ऑक्टोबरात ती कोरा पेपर देऊन घरी आली. म्हणाली, "आबा, त्यात कोणच नव्हतं."

माझा राग अजून गेलेला नाही. तरी मास्तर संध्याकाळी येतात आणि पायरीवर बसून विचारतात, "मार्चला बसवूया का?" मी आत हाक मारतो, "शालन, मास्तर इचारत्यात." आतून येतं, "न्हाय." जन्मभर लोकांना भावात खाली ओढलं, पण या एका शब्दातून मला काही कमी करून घेता येत नाही. मग मी चहा मागवतो. बशीतला चहा निवून जातो, आणि आम्हा दोघांपैकी कुणीच आधी उठत नाही.