दंडाचा पट्टा

नव्या रबराचा वास आला की मला मारेगावचं आमचं घर आणि रक्तदाब मोजायचं ते मशीन आठवतं. बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर दवाखान्याने ते घरी दिलं होतं. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधला की रक्तदाबाचे आणि नाडीचे आकडे मोबाइलवरून थेट तिथल्या नर्सबाईंकडे जायचे. ते काम आईकडे होतं. आठवड्याभराने नर्सबाईंचा मला फोन आला, "पेशंटची नाडी फार अनियमित पडतेय, आजच घेऊन या." मी ओसरीवर डोकावले, तर बाबा निवांत तुरीच्या शेंगा सोलत बसलेले. धाप नाही, घाम नाही. मशीन बिघडलंय की बाबा दुखणं लपवताहेत, मला काहीच कळेना. तरी मी गाडी बोलावली. बाबा चिडले, "मले काही नाही झालं. कायले नेऊन राह्यली?" तेव्हा आई दाराआडून हळूच म्हणाली, "हे पट्टा बांधूच देत नव्हते. नर्सबाई रागावतीन म्हून मी रोज माह्याच हाताले बांधून राह्यलती." मग बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पायात चप्पल घातली आणि आईचा हात धरून तिला गाडीत बसवलं. आता गोळ्या दोघांनाही चालू आहेत, आणि आईच्या त्या लबाडीवर रागवावं की काय, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.