पोटाला लागलेली हवा

आप्पांच्या आतड्याची गाठ काढायची ठरली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "दुर्बिणीनं करा. पोट उघडायचं न्हाई." डॉक्टर खूश, कारण त्यांचाही बेत तोच होता. अट कशासाठी, ते मला घरी आल्यावर कळलं.

"गाठीला हवा लागली की ती पसरती," आप्पा म्हणाले. खेडकडच्या आमच्या भावकीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचं तरी पोट उघडलं, आत पाहिलं, परत शिवलं आणि माणूस वर्षाच्या आत गेला. तो दवाखान्यात पोचलाच उशिरा, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी डॉक्टरांसमोर मुद्दाम विषय काढला. ते म्हणाले, दोन्हीत आतून तेवढाच भाग काढतो. छिद्रांमधून केलं तर दुखतं कमी, माणूस लवकर उठतो. पोट उघडलं तर जखम भरायला वेळ लागतो. हवेचा काही संबंध नाही. आप्पांनी मान डोलावली. पिंपरीच्या कंपनीत जन्म काढलेला माणूस, साहेबांपुढे मान डोलवायला पक्का शिकलेला.

ऑपरेशन अर्ध्यात असताना डॉक्टर बाहेर आले. अपेंडिक्सच्या जुन्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटली होती, दुर्बिणीतून सोडवणं धोक्याचं होतं. "उघडावं लागेल." मी "उघडा" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शुद्धीवर आल्यावर आप्पांनी आधी पोट चाचपलं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत पट्टी. "लागली हवा," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं.

जखम भरली. रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती, कुठेही पसरली नव्हती. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. पण आप्पांनी स्वतःला केव्हाच पोचवलं होतं. पाने-पकडी शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. नवी चप्पल आणली तर म्हणाले, "कोन घालनार?" त्यांची भूक मेली. आई त्यांच्या ताटाकडे बघत बसायची आणि माझ्याशी बोलणं टाळायची. मला भयंकर राग यायचा. जिवंत माणसाचं सुतक घरानं किती धरायचं?

वर्षानं पुन्हा तपासणी झाली. "आजोबा, काही नाही. ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाले. आप्पांनी हात जोडले. मला इतकं हलकं वाटलं की जिन्यातच रडू फुटलं. खाली रिक्षा थांबवली. आप्पा सावकाश आत बसले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आवाजात राग नव्हता. उलट माझीच समजूत काढत होते.

"पोरी, त्या डॉक्टरला सोड आता. त्यो तरी तुझ्यासाठी किती खोटं बोलंल?"