गेल्या वर्षाची नीळ

भिजलेल्या चुन्याचा वास आला की इंग्रजी अमदानीतली, अमरावतीच्या परकोटातली ती दिवाळी आठवते. परकोटालगतच्या घरांना बाहेरून पांढऱ्या चुन्याशिवाय रंग लावायला म्युनिसिपल कमेटीची मनाई होती, म्हणून आमचं आणि शेजारच्या काकींचं घर सलग एकच दिसायचं. काकींचे यजमान, काका, त्याच पावसाळ्यात वारले होते, आणि दुखवट्याच्या वर्षी घराला चुना लावत नाहीत. "यंदा आपनबी राहू देऊ," सासूबाई म्हणाल्या. पण माझ्या माहेरची माणसं यायची होती, मी हट्टाला पेटले. आमची भिंत झळकली, आणि तिच्या शेजारी काकींचं दुःख साऱ्या गल्लीला दिसू लागलं. संध्याकाळी काकीच एक पुडी घेऊन आल्या. "पोरी, गेल्या सालची नीळ हाय. चुन्यात टाक, पांढरं खुलते. मले यंदा काय कामाची?" मी ती घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हाताच्या चुन्यात टाकलीसुद्धा. आता माझ्या भिंती पिवळट दिसतात, तरी चुन्यात नीळ मी कुणाला टाकू देत नाही.