गोठ्यातली मोटार

कुणी भेटायला आलं की आमच्या शेजारचे मोटारभाऊ आधी त्याचे हात बघायचे. तेल, चिखल, आंब्याचा रस, काहीही दिसलं की त्या माणसाला गोठ्यापासून लांब बसवायचे. गोठ्यात गाय नव्हती. ती त्यांनी घोरावाडीला सासऱ्यांकडे धाडली होती आणि तिच्या जागी खंडाळ्याच्या कुठल्याशा बंगल्यातली उतारवयाची मोटार आणून बांधली होती. बांधली म्हणजे खरंच. चाकाला साखळी घालून.

मी लग्न होऊन लोणावळ्यात आले तेव्हा लढाई चालू होती, पेट्रोल कुपनावर मिळायचं. मोटार क्वचितच बाहेर पडायची, पण भाऊ रोज सकाळी ती पुसायचे. एखादा टांगेवाला गोठ्यापाशी रेंगाळला की म्हणायचे, "हा उगाच नाही थांबला." बॉनेटवर मांजर झोपलं, तर ते कुणी पाठवलं असेल, याचाही ते विचार करत असावेत. तरी माणूस वाईट नव्हता. मला कळा सुरू झाल्या तेव्हा भाऊंनीच मोटार काढून दवाखान्यात पोचवलं. अर्थात मागच्या सीटवर आधी घोंगडी अंथरून.

स्वतःच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मात्र त्यांनी मोटारीत कधी बसवलं नाही. "केसांचं तेल सीटला लागतं," म्हणायचे. वहिनी मला हसून सांगायच्या, "सवत परवडली गं. तिनं भाकरी तरी थापल्या असत्या." हसायच्या खऱ्या, पण मला ते हसू कधी पटलं नाही.

दुपारी भाऊ झोपायचे. पण भरवसा कुणाचा धरायचा? म्हणून झोपण्याआधी मोटारीभोवती रांगोळीची पूड भुरभुरायचे. कुणी आलंच तर पाऊल उमटावं. वहिनी नेमक्या तेव्हाच आत जायच्या. माझ्या परसातून सगळं दिसायचं. पुढच्या सीटवर, भाऊंच्या जागेशेजारी, हात मांडीवर ठेवून त्या थोडा वेळ बसायच्या. समोर नुसती भिंत. मग उतरून पावलं पुसायच्या आणि पूड पुन्हा भुरभुरायच्या. बाईच्या हाताला रांगोळी काय अवघड!

चातुर्मासात त्याच हातानं दगा दिला. गाय होती तेव्हा वहिनी त्या गोठ्यात रोज गोपद्मं काढायच्या. त्या दिवशी पूड भुरभुरता भुरभुरता बोटं आपोआप वळली आणि चाकापाशी गाईची इवलीशी पावलं उमटली. वहिनींच्या ध्यानातही आलं नाही. भाऊंच्या आलं. त्यांचा आवाज ऐकून मी धावत गेले.

"मोटारीत कोण बसलं होतं?"

"मीच व्हते," वहिनी म्हणाल्या.

"आणि शेजारी कोण होतं?"

"कुनी न्हाई."

"एकटी बाई उभ्या मोटारीत कशाला बसेल?"

"तुमच्या बाजूला बसल्यागत वाटायचं, म्हनून."

मी म्हणाले, "भाऊ, मी रोज बघते. त्या एकट्याच असतात." तर माझ्याकडेही त्याच नजरेनं बघून म्हणाले, "तुम्ही तिच्याच बाजूच्या!" इतका राग मला कुणाचाच आला नव्हता.

वहिनींनी लुगड्यांचं गाठोडं बांधलं. मी त्यांना पोचवायला स्टेशनावर गेले. त्या आगगाडीत बसल्या, तोच भाऊ मोटार घेऊन हजर. डब्यापाशी येऊन खाली मान घालून म्हणाले, "चल घरी."

"न्हाई. तुमीच चला घोरावाडीला माझ्यासंगं. माझ्या आईम्होरं सांगा, मी तसली बाई न्हाई. मग लगीच येते माघारी."

भाऊंनी पायरीवर पाय ठेवला. चला, संसार वाचला, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी वळून बाहेर पाहिलं. एक टांगेवाला मोटारीच्या मडगार्डला टेकून विडी ओढत होता.

"आलोच," म्हणून भाऊ उतरले.

आगगाडी सुटली तेव्हा ते मडगार्ड पुसत होते. वहिनी खिडकीतून बघत राहिल्या. पुढे त्या कधीच परत आल्या नाहीत, पण ते तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? भाऊंनी टांगेवाल्याला हाकललं, मोटारीचं पुढचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "बसा, घरी सोडतो. जागा रिकामीच आहे."

मी चालत घरी आले.