पुरातल्या नावेचं गाणं

त्या सकाळी देवापुढे बसले खरी, पण मन लागेना. माझ्या पहिल्या अल्बमला दहा वर्षं झाली म्हणून संध्याकाळी शहरातल्या सिव्हिल लाइन्समध्ये माझा कार्यक्रम होता, आणि गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा वरचा सूर परत आलेला नव्हता. डॉक्टर म्हणायचे, येईल, धीर धरा. धीरच तर नव्हता. इथल्या बोलीतले शब्द माझे, चाली माझ्या, लोक मलाच ऐकायला येणार. ज्या नर्मदामैयाची गाणी गाऊन मला ओळख मिळाली, तिनेच आवाज काढून घ्यावा, हे मला काही केल्या पचत नव्हतं.

दिवसभर माझ्या येरझारा चालल्या होत्या. गुळण्या करायच्या, पेटीवर बसायचं, आवाज चिरकला की पुन्हा उठायचं. शेवटी हे म्हणाले, "काहून इतका जीव जाळून राहिली? शेवटचं गाणं गाळून टाक." पुरात सापडलेल्या नावेचं ते गाणं गाळलं तर उरलं काय? मी चिडून नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले. आजच्यापुरता आवाज दे, असं मैयाला म्हणाले. मागितलं कसलं, भांडलेच. पाणी वाहत राहिलं आणि मी होते तशीच तगमगत परत आले.

सुरुवातीची गाणी खालच्या पट्टीत निभावली. मग नावेचं गाणं आलं. दुसऱ्या कडव्यात वर जाताना आवाज फाटला आणि गेलाच. ढोलकवाले भैया ठेका धरून राहिले. समोर एवढी माणसं, आणि माझ्या तोंडून नुसती हवा. डोळे मिटून मनात म्हणाले, मैया, माझ्याच्यानं होत नाही. आता तू बघ.

तेवढ्यात मागच्या दाराकडून एका बाईचा आवाज आला. खडा, मोकळा. तिने माझी अडलेली ओळ उचलली. हळूहळू आणखी बायका गाऊ लागल्या. माझी कडवी संपली तरी ती थांबली नाही. तिने आणखी एक कडवं म्हटलं, मी न लिहिलेलं. त्यात काठावरची नावाड्याची बायको नदीला म्हणते, तू सासू नाहीस, आई आहेस, त्याला घरी पाठव. माझे डोळे वाहायला लागले.

कार्यक्रम संपताच मी धावत दाराशी गेले. खांद्यावर पिशवी घेतलेली एक वयस्क बाई निघाली होती. कुंडमकडच्या खेड्यातली होती. मुलगी बाळंतपणासाठी इथल्या दवाखान्यात होती, आणि ढोलक ऐकून ही आत शिरली होती.

"दीदी, ये गाना कहाँ सीखा?" मी विचारलं.

"हमारे गाँव का है, बाई. ब्याह में गाते हैं. बहुत पुराना है."

मी लिहिलंय, हे शब्द ओठांवर आले होते. पण बोलले एवढंच, "वो आखिरी वाला फिर से सुनाइए." तिथेच उभं राहून तिने ते मला शिकवलं. मग बस चुकेल म्हणत निघून गेली.

आवाज मागितला होता, तो अजून पुरता आलेला नाही. पण मी इकडे गळ्याची काळजी करत होते तेव्हा मैया ते गाणं कुणाकुणाच्या लग्नघरी पोचवत होती, हे कळल्यावर मागण्यासारखं फारसं उरलं नाही. भीती अजूनही वाटते. वरची ओळ आली की मी गाणं समोरच्यांवर सोडते. बहुधा कुणीतरी उचलतं. नाही उचललं, तर ढोलक वाजत राहतो आणि मी थांबते.