हबसाणातला घास

बायांनो, कुणी हबसाणात, त्या आफ्रिकेतल्या हबशांच्या मुलखात, निघाली असंल तर आदी माझं ऐका.

आज सकाळी माझे धाकटे दीर तिकडच्या लढाईवरनं किकवीला घरी आले. तिकडं अम्हारी नावाची भाषा बोलत्यात, म्हनं. सगळी एकाच ताटात जेवत्यात, भाकर आंबोळीवानी आंबट. आन् घरधनी आपल्या हातानं पावण्याला घास भरवतो. नको म्हटलं की त्येचा अपमान!

म्या म्हटलं, "भावजी, करून दावा की!"

मला वाटलं, लाजून पळत्याल. त्येंनी सरळ भाकरी मोडली, कालवणात बुडवली आन् माझ्या जावंला, त्येंच्या बायकूला, सरूला, सगळ्यांदेखत भरवली.

आत्याबाई वरडल्या, "आरं, लाज हाय का?"

भावजी म्हनाले, "आये, मी कुठं काय केलं? तिकडची रीत दावली."

सरू घास तोंडात धरूनच, पदर वढून चुलीकडं पळाली.

सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

माझ्या मालकांनी लग्नाच्या पंगतीत, नाव घेऊन, एक घास भरवला. मग कदीच न्हाई. आता ते न्हाईत, मागू कुणाकडं?

खरं सांगा, लग्नानंतर तुमाला कुणी घास भरवलाय का? भरवला असंल, तर आज सांगू नगा. उद्या सांगा.