तिसऱ्या व्हॉल्व्हचा निबंध

पुण्याच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि मी शेलूबाजारला माहेरी राहायला आले, तेव्हा गावाने एकमताने ठरवलं की हिला कामावरून काढलं असणार. शिकलेली, रिकामी आणि फुकटात मिळणारी, असा माझा लौकिक झाला. त्याच लौकिकावर आमच्या पाणी संस्थेच्या अध्यक्षांनी मला गाठलं.

अध्यक्ष म्हणजे कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले सर. संस्था तलावातून पाणी उचलते आणि पाइपलाइनने सभासदांच्या वावरांत, म्हणजे शेतांत, सोडते. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे पंपघरातला एक कॉम्प्युटर ठरवतो. ज्या ठेकेदाराने तो बसवला तो बिल घेऊन गेला आणि मागे असा प्रोग्राम ठेवून गेला, जो कोणाच्या बापाला वाचता येत नव्हता.

"प्रोग्राम कसा हवा? सामान्य सभासदाला वाचता आला पाहिजे," सर म्हणाले.

मी सांगितलं, तशी एक पद्धत आहे. एकच दस्तऐवज लिहायचा. त्यात आधी माणसांसाठी साधा मजकूर: इथे काय करायचंय, का करायचंय. त्याखाली तेच काम करणारा कोडचा तुकडा. मग पुन्हा मजकूर, पुन्हा कोड. शेवटी एक बटण दाबलं की कोडचे तुकडे तेवढे बाहेर निघतात, जागच्या जागी लागतात आणि मशीनसाठी फाइल तयार होते. माणूस दस्तऐवज वाचतो, मशीन फाइल वाचते.

सरांचे डोळे भरून आले. "म्हणजे निबंध!" ते म्हणाले.

तिथेच मी हात आखडता घ्यायला हवा होता. पण पद्धत खरंच चांगली आहे आणि पुण्यात ती मला कोणी वापरू दिली नव्हती. मी हौसेने लिहायला बसले. कोणाला आधी पाणी, कोणाला मागून, हा पाळ्यांचा क्रम जुन्या प्रोग्राममधून जसाच्या तसा उचलला. थोड्याच दिवसांत पंप माझ्या दस्तऐवजावर चालू लागला आणि सरांनी त्याची एक प्रत आपल्या लॅपटॉपवर मागून घेतली. बटणासकट, म्हणजे दाबलं की फाइल थेट पंपघरात.

पहिल्या आठवड्यात त्यांनी शुद्धलेखन तपासलं. दुसऱ्यात भाषा. 'पाणी सोडणे' हे त्यांना ग्राम्य वाटलं, तिथे 'जलवितरण' आलं. 'उघड' हा शब्द तर त्यांना फारच बोडका वाटला. त्यांनी तो सगळीकडे एकदम बदलून 'अनावृत करावे' असा केला. सगळीकडे म्हणजे कोडमध्येसुद्धा. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या पेटीला उघडण्यासाठी 'उघड' एवढाच शब्द शिकवलेला होता. 'बंद' या शब्दावर मात्र सरांचा आक्षेप नव्हता, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद तेवढे अगदी वेळेवर होत.

पंपघर सांभाळणाऱ्या ऑपरेटरचा फोन आला. तो आयटीआय झालेला, माझ्याच वयाचा, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याविषयी निःशंक.

"ताई, मशीन येडी झाली. मोटर चालून राह्यली, पानी कुठीच जाऊन नाही राह्यलं. ह्ये अनावृत काय असते?"

"सरांनी लिहिलंय."

"मंग सराले सांगा, व्हॉल्व्ह बारावी नापास हाये."

त्याने पंपघरातल्या फाइलमध्ये हात घालून 'अनावृत' काढलं, 'उघड' घातलं, पाणी सुरू केलं. काम झालं. फक्त दस्तऐवजात 'अनावृत' तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सरांना एका वाक्यात स्वल्पविराम हवासा वाटला. त्यांनी तो दिला, बटण दाबलं, फाइल नव्याने निघाली आणि ऑपरेटरची दुरुस्ती पुसली गेली. गव्हाला पाणी नाही. स्वल्पविराम मात्र योग्य जागी होता.

हे चालूच राहिलं. ऑपरेटर फाइल सुधारायचा, सर दस्तऐवज सुधारायचे, आणि दोघंही मला फोन करून दुसऱ्याची अक्कल काढायचे. सर शुद्ध मराठीत सुरुवात करत. राग चढला की "त्याले कायचं समजते, लेकाचा!" असं अस्सल वऱ्हाडी बाहेर पडे.

मी ऑपरेटरला म्हटलं, "दादा, फाइलला हात लावू नका. दस्तऐवजात बदला."

"वावरात उभं राहून निबंध लिहू काय मी?"

सरांना म्हटलं, "कोडच्या तुकड्यांना हात लावू नका."

"म्हणजे मी साहित्याचा अर्धाच भाग वाचायचा?"

दोघांनाही समजावणं अशक्य आहे असं दिसल्यावर मी शिकलेली माणसं करतात तेच केलं: आणखी एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक तुकड्याच्या वर-खाली खूण ठेवली, म्हणजे फाइलमधला कोणता भाग दस्तऐवजात कुठून आला ते कळेल. आता पंपघरात कोणी फाइल बदलली की तो बदल आपोआप उलटा येऊन दस्तऐवजात आपल्या जागी बसणार होता. वर मी एक सोय केली, जिचा मला भलताच अभिमान होता. कोडच्या बाजूला कोणी खुलासा लिहिला तर तो वरच्या मजकुरात परिच्छेद म्हणून जाणार. काही न हरवता सगळं एकत्र नांदेल.

ऑपरेटरला मी बजावून सांगितलं, "काय बदललं, का बदललं, ते तिथेच दोन ओळींत लिहीत जा." मला वाटलं होतं, तो लिहिणार नाही. तो लिहू लागला, आणि त्याला त्याची गोडी लागली.

पुढे वार्षिक सभा आली. मंगल कार्यालयात मांडव, मंगरूळपीरहून एक अधिकारी आणि व्यासपीठावर सर. दस्तऐवज छापून त्याला भगवी मखमली बांधणी केलेली. सभेच्या तयारीत सरांनी तो पुन्हा वाचून पाहिला नव्हता. त्यांच्या मते तो त्यांनीच लिहिला होता. लॅपटॉप घेऊन मी कोपऱ्यात बसले होते, कारण पडद्यावर बटणाचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं.

"बंधुभगिनींनो," सर म्हणाले, "या ग्रंथात जे लिहिलं आहे, तेच यंत्र करतं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही." टाळ्या झाल्या. मग त्यांनी वर्गात धडा वाचावा तसं वाचायला घेतलं.

"जलवितरण ही एक सुरेल मैफल असते. प्रत्येक व्हॉल्व्ह हा तिच्यातील एक स्वर. तिसरा व्हॉल्व्ह सकाळी आंधी उघडून राह्यलो, कारन सराच्या संत्र्याले तहान आंधी लागते. फोन आल्ता. काहून ते इचारू नका."

वाचनाचा सराव वाईट. डोळ्यांना कळायच्या आत तोंडातून गेलेलं असतं.

मागच्या खुर्च्यांपासून हसू पुढे सरकत आलं. त्यात कोणाला काही नवं कळलं होतं असं नाही. तिसरा व्हॉल्व्ह सरांच्या बागेचा आणि बागेला पाणी आधी, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. ते सरांच्या आवाजात ऐकायला मिळेल असं कोणाला वाटलं नव्हतं, इतकंच.

"ही छपाईची चूक आहे," सर म्हणाले.

"छपाईची नाही, माझी हाये," मांडवाच्या दारातून ऑपरेटर छाती काढून ओरडला. "पुढचं पान वाचा, ते याच्याहून मस्त जमलं."

तेवढ्यात एक बाई उठल्या. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला त्यांचं वावर, हरभऱ्याचं. नळीचं टोक म्हणजे काय हे ज्याचं वावर तिथे असतं त्यालाच कळतं. अध्यक्ष बदलले, मोटरी बदलल्या, त्यांची पाळी शेवटचीच राहिली.

"सर, वाचा ना अजून," त्या म्हणाल्या. "आतापरेंत समजून नोतं राह्यलं. आता चांगलं समजून राह्यलं."

"बाई, ती तांत्रिक बाब आहे."

"तुमीच म्हनले ना, लिहिलं तेच मशीन करते?"

"हो, पण..."

"मंग लिहा. शेवटचा व्हॉल्व्ह आंधी. आत्ताच लिहा, साऱ्याइच्या समोर."

अधिकारी सरांकडे पाहू लागले. सभासद माझ्याकडे. पडदा लागलेला होता, लॅपटॉप उघडा होता. सरांनी मान हलवली की झटकली ते मला आजही सांगता येणार नाही. मी ती हलवली असं धरलं. मजकुरात एक वाक्य टाकलं: पाणी टोकाकडून सोडायचं. खाली कोडमध्ये क्रम उलटा केला आणि बटण दाबलं. ऑपरेटरने मोबाइलवर पाहून जाहीर केलं, "आली फाइल!" बाई खाली बसल्या. टाळ्या वाजवल्या त्या अधिकाऱ्यांनी. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक होतं.

कार्यकारिणीची बैठक पुढच्याच आठवड्यात झाली. ठराव झाला: कोडच्या बाजूला कोणीही कोणताही खुलासा लिहू नये. क्रम मात्र बदलता आला नाही, कारण तो बदलायचा तर तसं वाक्य लिहावं लागलं असतं, आणि ते कोणी लिहायचं यावर बराच वेळ चर्चा होऊन चहा आला. सर निवडणुकीत बिनविरोध पुन्हा निवडून आले. भाषणात त्यांनी पारदर्शकतेवर भर दिला. ऑपरेटरने तो ठराव मनावर घेतलेला नाही आणि सरांनी शुद्धलेखन तपासणं बंद केलंय, त्यामुळे दस्तऐवजात आता ठिकठिकाणी 'मले' आणि 'तुले' आहे आणि पाणी वेळेवर येतं.

त्या हिवाळ्यात बाई आमच्या घरी ओल्या हरभऱ्याच्या गड्ड्या घेऊन आल्या. आईने चहा ठेवला. बाईंनी माझा लॅपटॉप लांबूनच न्याहाळला आणि विचारलं, "आमच्या वावराच्या रस्त्याचं काही लिहिता येते काय व याच्यात?"